हजेरीपटात नसलेली विद्यार्थिनी

स्मरणिकेसाठी लेख हवा म्हणून आपल्या संपादक मंडळींचा फोन आला, तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. शाळेच्या आठवणी तुम्ही सगळे लिहिणारच आहात. डबे, सहली, गॅदरिंग, बाकावर कोरलेली नावे, सगळे येईलच. मी आयुष्यभर गणित शिकवले, त्यामुळे मला दुसरे काही सुचत नाही. शेवटी मी विचारले की, जिने आपल्या शाळेत कधी पाऊल ठेवले नाही आणि जी आपल्या जन्माच्या पंचवीसेक वर्षे आधीच वारली, अशा एका शिक्षिकेवर लिहिले तर चालेल का. परवानगी मिळाली, पण एक अट घालून : समीकरणे नकोत. अट मान्य. (एकदाच बाराचा पाढा येईल, तेवढे सांभाळून घ्या.)

ही शिक्षिका म्हणजे एमी नोएथर. विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या गणितज्ञांत तिची गणना होते. पण तिच्याकडे वळण्याआधी जुन्या कौलारू इमारतीतल्या कोपऱ्यातल्या खोलीची आठवण करून देते. आठवी-नववीत आपले गणिताचे सर तिथे सकाळी सातला बीजगणिताचा जादा तास घेत. शाळेच्या वेळापत्रकात तो तास नव्हता, त्याला फी नव्हती आणि हजेरीपटही नव्हता. सुरुवातीला सगळी मुलेच असायची. आम्ही दोघी मैत्रिणी एकदा दाराबाहेर घुटमळत उभ्या राहिलो आणि आत आलो तर चालेल का, म्हणून विचारले. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. त्यांनी मागे वळूनही न बघता खडूच्या हातानेच बसायची खूण केली. एवढाच आमचा प्रवेश-समारंभ. मी पुढे एम.एस्सी. झाले, प्राध्यापक झाले, त्या सगळ्याच्या मुळाशी ती खडूची खूण आहे. मार्च १९७६ ला आपण दहावी दिली, त्याला आता पन्नास वर्षे झाली. पण ती खूण मला अजून दिसते.

आता एमी. जन्म २३ मार्च १८८२, जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात, एर्लांगेन या विद्यापीठाच्या गावी. घर ज्यू. वडील माक्स नोएथर हे त्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि त्यांच्या विषयात नावाजलेले. एमी थोरली, पाठचे तिघे भाऊ. घरात गणित होते, पुस्तके होती, जेवणाच्या टेबलावर विद्वान पाहुणे होते. तरी मुलीने शिकायचे ते मुलींच्या शाळेत, म्हणजे भाषा आणि घरकाम. एमीला नृत्याची आवड होती, पियानोही ती शिकली. विशीच्या आत तिने फ्रेंच आणि इंग्रजी शिकवण्याची परीक्षा दिली आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका होण्याचे प्रमाणपत्र मिळवले. ते साल १९००. आयुष्य मार्गी लागले होते. नोकरी, पगार, मान, सगळे समोर होते.

तिने ते प्रमाणपत्र बाजूला ठेवले आणि विद्यापीठात गणित ऐकायला जायचे ठरवले.

‘ऐकायला’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तिथे मुलींना रीतसर प्रवेशच नव्हता. फार तर श्रोता म्हणून बसता येई, आणि तेही प्रत्येक प्राध्यापकाची वेगवेगळी परवानगी काढून. एखाद्याने नाही म्हटले, की तो विषय बंद. त्या वर्षी एर्लांगेनच्या ९८६ विद्यार्थ्यांत मुली फक्त दोन होत्या, त्यांतली एक एमी. त्यातली गंमत पाहा : जिच्या वडिलांचा त्या इमारतीत रोजचा वावर, तिलाच आत बसण्यासाठी दरवेळी विचारावे लागे. अशी दोन वर्षे तिने काढली. १९०३ मध्ये न्युरेंबर्गला जाऊन विद्यापीठप्रवेशाची परीक्षा ती उत्तीर्ण झाली. मग एक सत्र ग्यॉटिंगेनला घालवले. तिथे हिल्बर्ट, क्लाइन, मिन्कोव्स्की अशी त्या काळची दिग्गज मंडळी शिकवत होती. तिथेही ती श्रोताच. एवढ्यात एर्लांगेनचे नियम बदलले आणि १९०४ मध्ये एमीचे नाव पहिल्यांदा हजेरीपटावर चढले. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

तिचे मार्गदर्शक होते पाउल गोर्डान, वडिलांचे स्नेही. गोर्डान म्हणजे आकडेमोडीचे पहिलवान. त्यांच्या लेखांत म्हणे पानेच्या पाने नुसती सूत्रे असत, मध्ये शब्द औषधालाही नाही. एमीने त्यांच्याच पद्धतीने प्रबंध लिहिला. त्यात तीनशेहून अधिक राशी तिने एकेक करून मांडल्या. १९०७ मध्ये तिला उत्तम श्रेणीत डॉक्टरेट मिळाली. पुढे मात्र या प्रबंधाबद्दल ती स्वतःच इतके वाईट बोलायची, की ऐकणारा ओशाळावा. सूत्रांच्या त्या जंगलात तिला आकडे दिसले होते, पण ते तसे का येतात हे दिसले नव्हते. तिची पुढची सगळी वाटचाल या ‘का’च्या शोधात झाली.

डॉक्टरेटनंतर तिने एर्लांगेनच्या गणित संस्थेत सात वर्षे काम केले. पद नाही, पगार नाही. वडिलांची तब्येत बरी नसेल तेव्हा त्यांचे तास ती घेई. आपल्याकडे ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ म्हणतात. हिला तर अधिकारही नव्हता.

इथून पुढे मी तिला ‘बाई’ म्हणणार आहे. आपल्या शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येक स्त्रीला आपण बाईच म्हणायचो. शिकवण्याचा मान पगारपत्रकावर ठरत नाही, हे आपल्याला तेव्हाच माहीत होते.

१९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी बाईंना ग्यॉटिंगेनला बोलावून घेतले. त्याला एक कारण होते. आइन्स्टाईन यांचा व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत नुकताच आकार घेत होता आणि त्यात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम नीट बसत नव्हता. बाईंचा अभ्यास अशा राशींचा होता, ज्या बाकी सगळे बदलले तरी स्वतः बदलत नाहीत. नेमकी हीच विद्या तिथे हवी होती. बाई ग्यॉटिंगेनला गेल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांची आई वारली. त्या घरी जाऊन आल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

विद्यापीठात शिकवायचे तर तिथे एक वेगळा परवाना लागे. हिल्बर्ट यांनी तो बाईंना मिळावा म्हणून प्रस्ताव मांडला आणि विद्याशाखेत वादळ उठले. गणितवाल्यांचा विरोध नव्हता. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचा होता. महायुद्ध चालू होते. रणांगणावरून परतलेल्या आपल्या जवानांनी एका बाईसमोर बसून शिकायचे का, असा त्यांचा सवाल होता. आज परवाना दिला तर उद्या ती प्राध्यापक होईल आणि परवा विद्यापीठाच्या कार्यकारिणीत येऊन बसेल, ही खरी धास्ती. त्यावर हिल्बर्ट यांनी भर सभेत सुनावले की, ही विद्यापीठाची सभा आहे, स्त्री-पुरुषांची वेगवेगळी न्हाणीघरे नव्हेत. ही गोष्ट पुढे जगभर सांगितली गेली. प्रस्ताव मात्र बारगळला.

मग हिल्बर्ट यांनी पळवाट काढली. वेळापत्रकात व्याख्याने स्वतःच्या नावावर लावली आणि खाली साहाय्यक म्हणून डॉ. नोएथर असे नाव घातले. १९१६-१७ च्या हिवाळ्यातल्या अशा एका वर्गाची सूचना प्रसिद्ध आहे : सोमवारी दुपारी चार ते सहा, विषय गणिती भौतिकी, शुल्क नाही. फळ्यासमोर उभ्या राहात त्या बाई. ज्यांना शिकवण्याची परवानगी नव्हती त्या शिकवत होत्या, शिकणाऱ्यांना एक पैसा पडत नव्हता, आणि कागदोपत्री तो तास दुसऱ्याच्याच नावाचा होता. त्या तिकिटाविना चाललेल्या तासांना मी मनातल्या मनात आपल्या सरांच्या सातच्या वर्गाशेजारी बसवते.

याच काळात, १९१८ मध्ये, बाईंनी तो सिद्धांत मांडला जो आज ‘नोएथर सिद्धांत’ म्हणून भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावा लागतो. तो संस्थेच्या सभेपुढे ठेवला क्लाइन यांनी, कारण बाई त्या संस्थेच्या सभासद नव्हत्या. सिद्धांताचा गाभा समीकरणाशिवाय सांगून पाहते. समजा तुम्ही एक प्रयोग आज केला, तोच उद्या केला, आणि निसर्गाचे नियम दोन्ही दिवशी तेच राहिले. एवढ्यावरून निष्पन्न होते की विश्वात ऊर्जा नष्टही होत नाही आणि नव्याने निर्माणही होत नाही. तोच प्रयोग नाशिकला केला काय नि नागपूरला केला काय, नियम सारखेच. त्यातून संवेग अक्षय राहतो. प्रयोगाचे टेबल पूर्वेला तोंड करून ठेवा वा उत्तरेला, नियम सारखेच; त्यातून गरगर फिरणाऱ्या भोवऱ्याचा कोनीय संवेग अक्षय राहतो. हे तीनही नियम आपण नववी-दहावीपासून पुढे वेगवेगळे पाठ केले. ते तसे का आहेत, हे बाईंनी दाखवून दिले : निसर्गात जिथे जिथे सममिती आहे, तिथे तिथे काहीतरी अक्षय आहे. आइन्स्टाईन यांनी ते काम वाचून हिल्बर्ट यांना पत्रातून त्याचे कौतुक कळवले.

युद्ध संपले, राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले. १९१९ मध्ये बाईंना शिकवण्याचा परवाना मिळाला. आता व्याख्याने स्वतःच्या नावावर, पण पगार अजून शून्य. १९२२ मध्ये प्राध्यापक ही उपाधी मिळाली, तीही बिनपगारी. पुढच्या वर्षी बीजगणित शिकवण्यासाठी त्यांना थोडेसे मानधन सुरू झाले. तेव्हा त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. ती त्यांच्या आयुष्यातली पहिली कमाई म्हणायला हरकत नाही.

आता तो बाराचा पाढा. बाराने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या एका पेटीत ठेवा. सहाने भाग जाणाऱ्यांची पेटी त्याहून मोठी आणि बाराची पेटी पुरी तिच्या पोटात. तिनाची पेटी आणखी मोठी, सहाची तिच्या पोटात. शेवटी एकाची पेटी, म्हणजे सगळ्याच पूर्ण संख्या. त्याच्यापुढे जायला जागा नाही. पेट्यांची अशी चढती साखळी कुठूनही सुरू केली तरी कुठेतरी थांबतेच. १९२१ च्या आपल्या निबंधात बाईंनी या साध्या ‘थांबण्या’वर बीजगणिताची एक आख्खी इमारत उभी केली. अशी रचना जिथे असेल तिला आज जगभर नोएथरीय वलय म्हणतात. आम्ही एम.एस्सी.ला असताना हे विशेषण दिवसातून पन्नास वेळा ऐकायचो. हे एका बाईचे नाव आहे हे मात्र मला नोकरी लागल्यावर कळले. कुणी सांगितलेच नव्हते. पुस्तकात नाव होते, माणूस नव्हते.

शिक्षिका म्हणून बाई कशा होत्या? खरे सांगायचे तर, आपल्याकडच्या निरीक्षक साहेबांनी त्यांना नापास केले असते. त्यांची टाचणे तयार नसत. भराभर बोलत, भराभर फळा पुसत. सिद्ध झालेले गणित सुबकपणे मांडून दाखवण्यापेक्षा अजून न सुटलेला प्रश्न घेऊन त्या उभ्या राहात आणि वर्गासमोरच विचार करत. एखादी वाट चुकली की मागे फिरत. नवखा माणूस गोंधळून जाई, काही जण कायमचे निघूनही जात. पण जे टिकले ते बाईंच्या वर्गात तयार गणित शिकले नाहीत, गणित तयार कसे होते ते शिकले. या टिकलेल्यांचा एक घोळकाच झाला. सबंध ग्यॉटिंगेन त्यांना ‘नोएथरची पोरे’ म्हणे.

एका सुटीच्या दिवशी विद्यापीठाची इमारत बंद होती. बाईंनी वर्ग पायऱ्यांवर जमवला, सगळ्यांना घेऊन रानातून चालत निघाल्या आणि एका कॉफीच्या दुकानात बसून तास पुरा केला. दार बंद म्हणून तास बंद, हे गणित त्यांना मान्य नव्हते.

या घोळक्यात कोण नव्हते? हॉलंडहून आलेला व्हान डेर वेर्डन होता. त्याने बाईंच्या आणि एमिल आर्टिन यांच्या व्याख्यानांवरून १९३० मध्ये ‘मॉडर्न आल्जेब्रा’ हा ग्रंथ लिहिला आणि जगभरचे बीजगणित शिकवणेच बदलून गेले. ग्रंथाच्या मुखपृष्ठाआतच त्याने ते ऋण नोंदवले आहे. मॉस्कोहून अलेक्सांद्रोव्ह येई. चीनहून आलेला त्सेन होता. ग्रेटे हेर्मान ही मुलगी होती, ग्यॉटिंगेनमध्ये बाईंकडे पहिली डॉक्टरेट तिने मिळवली. कुणाचा देश, कुणाचा धर्म, कुणाची ऐपत, बाईंनी कधी पाहिले नाही. आपल्या कल्पना त्या अशा वाटत, की पुढे तो निबंध विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावाने निघाला तरी त्यांना त्याचे काही वाटत नसे. संशोधनाच्या क्षेत्रात वावरलेल्यांना ही गोष्ट किती दुर्मिळ आहे ते ठाऊक आहे. नावाच्या क्रमावरून अबोला धरलेली माणसे मी पाहिली आहेत.

१९२८-२९ चा हिवाळा त्यांनी मॉस्को विद्यापीठात शिकवण्यात घालवला. १९३२ मध्ये झ्युरिकला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली. तिथे सर्वांसमोरचे मुख्य व्याख्यान देण्याचा मान त्यांना मिळाला. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी त्यांना आर्टिन यांच्यासह एक मोठे पारितोषिकही मिळाले. ज्या बाईंना एकेका वर्गात बसायला परवानगी मागावी लागली, त्यांचे आता सगळे जग ऐकत होते.

पुढच्याच वर्षी, १९३३ च्या जानेवारीत, हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये कायदा झाला आणि सरकारी नोकरीतल्या ज्यूंना काढायला सुरुवात झाली. ग्यॉटिंगेनमध्ये ज्यांची नावे पहिल्या फेरीत आली, त्यांत बाई होत्या. शिकवायचा परवाना काढून घेण्यात आला. चौदा वर्षांपूर्वी इतक्या कष्टाने मिळालेला तो कागद एका तारेने रद्द झाला.

बाईंनी काय केले? विद्यार्थ्यांना घरी बोलावले. पोटमाळ्यासारखे छोटे घर, तिथे बसून संख्यासिद्धांताचा पुढचा भाग सुरू केला. आपल्यापेक्षा इतरांची काळजी त्यांना जास्त होती, सहकाऱ्यांना त्या धीर देत असत. त्या घरच्या वर्गाला एर्न्स्ट विट हा त्यांचा हुशार विद्यार्थी एकदा नाझी दलाचा तपकिरी गणवेश घालून आला. ज्या गणवेशाने बाईंना रस्त्यावर आणले, तोच गणवेश त्यांच्या बैठकीत येऊन बसला. बाईंनी त्याला बसू दिले आणि शिकवणे पुढे चालू ठेवले, असे तिथे असलेल्यांनी नंतर सांगितले.

या प्रसंगावर माझे मत एक नाही. कधी वाटते, हा भोळेपणा. कधी वाटते, दार उघडे ठेवणे इतके अंगात मुरले की माणूस तसाच होतो. पण हा प्रसंग वाचला की मला माझी एक गोष्ट आठवते, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एका महाविद्यालयात शिकवत होते. तिथल्या ग्रंथालयात पुस्तके लावणारा एक परिचर होता. बारावी झालेला, पुढे शिकायची परिस्थिती नव्हती. गणिताची पुस्तके कपाटात लावता लावता तो ती वाचू लागला. एकदा त्याने माझ्यापुढे पुस्तके देण्याघेण्याच्या चार चिठ्ठ्या ठेवल्या. त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने गणिते सोडवलेली होती. तीन बरोबर होती. चौथ्यात चूक होती, पण ती विचार करणाऱ्या माणसाची चूक होती. तृतीय वर्षाच्या बीजगणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसू का, असे त्याने विचारले. तो तास त्याच्या दुपारच्या सुटीत येत होता, म्हणजे कामाचाही खोळंबा नव्हता. मी त्याला ऑफिसात रीतसर अर्ज द्यायला सांगितले. ऑफिसातून उत्तर आले की प्रवेश नसलेल्याला वर्गात बसवण्याचा नियम नाही. पंधरा दिवसांनी त्याने मला पुन्हा एकदा विचारले. मी नियमाकडे बोट दाखवले. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही.

मला त्या दिवशी सुटल्यासारखे वाटले होते, हे लिहिताना आज लाज वाटते. एक तास, एक बाक आणि हाताची एक खूण, एवढाच खर्च होता. ऑफिसला विचारायचे कारणच नव्हते; सरांनी तरी आमच्यासाठी कुणाला विचारले होते? ज्या खुणेवर मी आयुष्य उभे केले, ती खूण माझ्याकडून पुढे गेली नाही. नोएथरबाईंचे चरित्र मी त्यानंतर काही वर्षांनी वाचले आणि प्रत्येक प्राध्यापकाची परवानगी मागत फिरणाऱ्या त्या मुलीच्या पानावर येऊन बराच वेळ थांबले. एर्लांगेनमध्ये नाही म्हणणारे जे कोण होते, ते दुष्ट नसावेत. तेही माझ्यासारखे नियम पाळणारेच असावेत.

बाईंचे पुढचे आयुष्य थोडेच आहे. १९३३ च्या अखेरीस त्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर या मुलींच्या महाविद्यालयात रुजू झाल्या. रॉकफेलर प्रतिष्ठानने मदत केली. गणित विभागाच्या प्रमुख ॲना पेल व्हीलर यांनी त्यांना जिवाभावाने सांभाळले. व्हीलरबाई स्वतः तरुणपणी ग्यॉटिंगेनला शिकलेल्या, त्यामुळे बोलायला माणूस मिळाले. आयुष्यात पहिल्यांदाच बाईंचा वर्ग सगळा मुलींचा होता. इंग्रजीत शिकवता शिकवता त्या मध्येच जर्मनवर घसरत, मुली सांभाळून घेत, आणि तास संपला की सगळ्या मिळून लांब फिरायला जात. आठवड्यातून एकदा त्या प्रिन्स्टनच्या संस्थेत व्याख्यान द्यायला जात. १९३४ च्या उन्हाळ्यात त्या एकदा ग्यॉटिंगेनला परत आल्या, घर आवरले, सामान अमेरिकेला पाठवले. भाऊ फ्रिट्झ हाही गणितज्ञ आणि त्याचीही नोकरी गेलेली. तो सोव्हिएत रशियात तोम्स्कला निघाला होता. त्याची भेट घेतली. ती शेवटची. पुढे १९३७ मध्ये फ्रिट्झला तिथल्या पोलिसांनी पकडले आणि १९४१ मध्ये गोळी घातली. ते पाहायला बाई राहिल्या नव्हत्या.

१९३५ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती व्यवस्थित पार पडली असे वाटत असतानाच अचानक ताप चढला आणि १४ एप्रिलला त्या गेल्या. वय अवघे त्रेपन्न. आइन्स्टाईन यांनी न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून त्यांची थोरवी जगाला सांगितली. हेर्मान वाइल यांनी ब्रिन मॉरला त्यांच्या स्मृतिसभेत दीर्घ भाषण केले. त्यांच्या अस्थी त्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयाभोवतीच्या ओवरीत, फरशीखाली ठेवल्या आहेत. मुली पुस्तके घेऊन तिथून जा-ये करतात.

ग्रंथालय म्हटले की मला माझा तो परिचर आठवतो. तो आता कुठे असेल ते मला माहीत नाही. मी ते महाविद्यालय सोडले, त्यानेही सोडले असेल. त्याची ती चार चिठ्ठ्यांची गणिते मात्र मला अजून पाठ आहेत. चौथ्यातली चूक कुठे होती, हे मी त्याला सांगायला हवे होते.

निवृत्तीनंतर मी दर शनिवारी सकाळी घराच्या व्हरांड्यात गणित शिकवते. सतरंजी, एक फळा, चहा. कुणीही यावे. समोरच्या बांधकामावरच्या वॉचमनची मुलगी येते, एक रिक्षावाले काका मुलाला शिकवता यावे म्हणून स्वतः येतात, इंजिनिअरिंगला नापास झालेला एक मुलगा येतो. नाव मी विचारते, पण लिहून ठेवत नाही. कुठल्या तरी शनिवारी फाटकाशी एक पन्नाशीचा माणूस घुटमळेल, अशी वेडी आशा मला असते. फाटकाची कडी मी काढूनच ठेवते.

मेळाव्याला सगळे भेटूच. आपल्यातले पुष्कळ जण आता निवृत्त झालो आहोत आणि प्रत्येकाला काही ना काही येते. कुणी बँकेत होते, कुणी दवाखान्यात, कुणी शेतात. शाळेसाठी आपण वर्गणी काढणार आहोत, ती काढूच. पण मी मुख्याध्यापकांकडे आणखी एक मागणी घेऊन जाणार आहे : कौलारू इमारतीतली ती कोपऱ्यातली खोली अजून उभी आहे, ती रविवारी सकाळी सात वाजता आपल्याला उघडून मिळावी. माझ्याबरोबर कोण येणार, तेवढे चहाच्या वेळी सांगा. सकाळी लवकर उठण्याची सवय सरांनी आपल्याला लावलेलीच आहे.

(दहावी ‘ब’, १९७६)